जुन्या मापाचा कोट

कोट मिटला नाही. धाकटीने पुढच्या दोन्ही बाजू धरून हलकेच एकमेकींकडे ओढल्या, तर मध्ये चांगला चार बोटं शर्ट उघडा राहिला. तिला वाटलं, आपणच वाकड्या धरल्या. तिने त्या सोडल्या, खांद्यांवरून हात फिरवून पाठ सारखी केली आणि पुन्हा ओढल्या. पुन्हा चार बोटं. मुंढ्यापाशी, बाहीच्या जोडावर, एक कच्चा टाका ताणला गेला आणि बारीकसा आवाज करून तुटला. समोरच्या उंच आरशात तिचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे होते. आजूबाजूला ओला रंग असावा तसे. ते पोट आत ओढून उभे आहेत हे तिला दिसत होतं, आणि ते श्वास सोडतील तेव्हा चाराची पाच बोटं होतील हेही. उभं आयुष्य कातर चालवण्यात गेलेल्या बाईच्या हातून असं होत नाही. बाही अर्धं बोट लांब, कॉलर किंचित ढिली, हे कोणाच्याही हातून होतं. त्यासाठीच तर कच्चे टाके घालून कोट आधी अंगावर चढवून बघायचा असतो. पण हा कोट या माणसाचा नव्हताच. तो दुसऱ्याच कोणाचा तरी होता, आणि कोणाचा ते तिला हळूहळू, नको असताना, कळत चाललं होतं.

"हा कोणाचा कोट?" भावोजींनी आरशातूनच विचारलं.

विचारण्यात राग नव्हता. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला उत्तर द्यावं लागलं नाही. टाचण्यांचा एवढा आधार तिला आजवर कधी वाटला नव्हता. वरच्या मजल्यावर आई आणि भाची चहा करून वाट बघत होत्या. चहाची नव्हे, तिच्या उत्तराची. ट्रायल झाली की दोघांनी वर यायचं आणि धाकटीने सगळ्यांसमोर भावोजींशी लग्नाला हो की नाही ते सांगून टाकायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि ती सासरी गेली की भावोजी त्या तीन खोल्यांमध्ये एकटे पडणार होते. ताई जाऊन तीन वर्षं झाली होती. सगळं कसं सरळ होतं. आज सकाळी खडू घासताना धाकटीने हो म्हणायचं ठरवलं होतं, इस्त्री तापेपर्यंत नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि दुपारी भावोजींची पावलं दाराशी वाजली तेव्हा यांतलं नक्की काय ठरलं होतं हेच तिला आठवेना.

त्यांच्या दुकानात मापं लिहून ठेवत नसत. आजोबांना आकडे येत नव्हते, आणि येत नाहीत हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी दर गिऱ्हाइकाची एक कापडी फीत करायची रीत काढली. फीत अंगाला लावायची आणि छाती, कंबर, बाही, उंची जिथे संपेल तिथे कातरीने बारीक खाच मारायची. छातीला एक खाच, कंबरेला दोन, बाहीला तिरकी. वडिलांना आकडे चांगले येत होते, पण त्यांनीही फिती सोडल्या नाहीत. उलट, आमच्याकडे माणसाला नंबर नसतो, असं ते ऐटीत सांगत. भिंतभर खिळे होते आणि दर खिळ्यावर एक फीत. कोणाची कुठली, ते रंगावरून आणि जागेवरून ओळखायचं. गिऱ्हाईक वारलं, की त्याची फीत टाचण्या टोचायच्या उशीत भरायची, फेकायची नाही, हा आजोबांचा दंडक. त्यामुळे ती उशी आता एखाद्या मांजराएवढी झाली होती, आणि शहरातले कितीतरी वजनदार लोक तिच्यात निमूटपणे टाचण्या टोचून घेत पडले होते. ताईची हिरवी फीत मात्र तिथे नव्हती. ती आईने भरू दिली नव्हती. धाकटीच्या फितीबरोबर ती एकाच खिळ्यावर होती, आणि दोन्हींच्या खाचा एकमेकींवर ठेवल्या तर केसाइतकाही फरक नव्हता.

भावोजींची फीत निळ्या अस्तराची. ती धाकटीनेच घेतलेली, आणि तिने आयुष्यात घेतलेली पहिली. तेव्हा ते भावोजी नव्हते. अस्तराच्या कापडाचे आणि बटणांचे नमुने घेऊन दुकानोदुकानी हिंडणारा एक सडपातळ पोरगा होता, आणि घरात त्याला अस्तरवाला म्हणत. त्याची पेटी उघडली की आत दोऱ्याने शिवलेले अस्तराचे तुकडे निघत, जांभळे, करडे, गडद निळे. वडील म्हणाले होते, या अस्तरवाल्यापासून सुरुवात कर, बिचारा तक्रार करणार नाही. तिने त्याच्याच नमुन्यातली एक पट्टी फाडून त्याच्या छातीभोवती नेली, आणि त्याने श्वास रोखून धरला. माप घेताना सगळेच श्वास रोखतात हे तिला पुढे हजार माणसांची मापं घेतल्यावर कळलं. पण त्या दिवशी तो एकटाच होता, आणि तिला वाटलं, हा श्वास आपल्यामुळे थांबलाय. एकोणिसाव्या वर्षी माणसाला असलं काहीही वाटतं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीही ते पुसलं जात नाही, ही खरी अडचण. दर खेपेला निघताना तो पेटीतलं एखादं बटण तिच्या हातावर ठेवी. कधी शिंपल्याचं, कधी लाकडी, कधी पितळी. बोलत काही नसे. तिने ती बटणं कामाच्या एप्रनच्या खालच्या दुमडीत, आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाहीत अशी शिवून टाकली. एप्रन विरला की बटणं उसवायची आणि नव्या एप्रनच्या दुमडीत शिवायची. आईने एकदा विचारलं होतं, ही चालताना खुळखुळते का? धाकटीने सांगितलं, वजन टाकलंय, घेर नीट पडावा म्हणून.

मग एके दिवशी अस्तरवाल्याचा मामा आला. मुलगी मागायला आला होता. धाकटी मागच्या खोलीत ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवत होती, आणि वाफेत तिला मामाचा आवाज तुटक ऐकू येत होता. वडिलांनी ताईला हाक मारली. धाकटीला वाटलं, थोरलीला आधी बोलवायची रीत म्हणून बोलावलं असेल. आता तो सांगेल. दाराच्या फटीतून तिने बघितलं, तर अस्तरवाला मूग गिळून आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. आता सांगेल, असं म्हणत ती उभी राहिली, आणि इस्त्रीखाली कोणा वकिलाच्या कोटाची कॉलर जळली. त्याने सांगितलं नाही. ताईला ताप होता म्हणून लग्नाच्या पोशाखाची ट्रायलसुद्धा धाकटीच्या अंगावर झाली. तुमचं दोघींचं अंग एकच, आई म्हणाली होती आणि खूश झाली होती. धाकटी आरशासमोर उभी होती, वडील गुडघ्यांवर बसून खालच्या दुमडीला टाचण्या लावत होते, आणि एवढ्या सगळ्यांत एकाही माणसाला काही दिसत नव्हतं याचं तिला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

पुढची सगळी वर्षं तिने एका गोष्टीवर काढली, की तो बोलला नाही. का बोलला नाही? मामाला घाबरला? वडिलांना? हा प्रश्न तिने उशापायथ्याशी घेऊन झोपावा इतका जवळ ठेवला. तिला सांगून आलेली स्थळं तिने परतवली. कातर कोण धरणार, म्हणाली, आणि वडिलांचा हात थरथरायला लागल्यावर ते खरंही झालं. तिला तशी कोणाची असूया वाटली नाही. वाटली ती ताईची दया. ताई हसत माहेरी यायची, नवऱ्याचे कपडे घरी आपल्या हाताने शिवायची, त्याचा शर्ट दुसऱ्या कोणाकडे द्यायची नाही, आणि धाकटी मनात म्हणायची, बिचारी, हिला माहीत नाही. ताई आजारी पडली तेव्हा धाकटीने दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. तिला भरवलं, तिचे गळत चाललेले केस विंचरले, आणि विंचरताना तिच्या मानेकडे बघत, तोंडातून शब्द न काढता तिची क्षमा मागितली. तो तुझा नव्हता, यात माझा दोष नाही, असं काहीतरी. पुढे पुढे त्या क्षमेची आठवण झाली की तिला स्वतःचीच किळस येई, पण तेव्हा आपण फार मोठ्या मनाने वागतो आहोत असंच वाटलं होतं.

गेल्या महिन्यात भाची बापाला घेऊन कोटाचं कापड टाकायला आली. जाताना जिन्यात धाकटीचा हात धरून म्हणाली, मावशी, तू हो म्हण ना, मला जाववत नाही त्यांना असं सोडून. आणि आईची एक वस्तू तुझ्यासाठी ठेवलीय, असं म्हणून तिने धाकटीला पुन्हा दुकानातल्या आरशापाशी नेलं आणि ताईचा करडा लांब कोट तिच्या खांद्यांवर टाकला. तो बसला. खांदे, बाह्या, पाठ, कुठेही बोट ठेवायला जागा नाही इतका नेमका बसला. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, मागोमाग आलेली आई म्हणाली, बघ, तुला परकं असं त्या घरात काहीच नाही, आणि धाकटीने आरशात बघितलं तर तिथे ताई उभी होती, जरा थकलेली. धाकटीने घाईघाईने कोट काढला. तिला एवढंच कळलं, की या घरात तिला कायम दुसऱ्या कोणासाठी उभं करतात. आणि तरी त्या घरात जायची तिला ओढ होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे तिला आजपर्यंत उमगलं नव्हतं.

त्याच दिवशी भाचीने विचारलं होतं, बाबांचं माप? धाकटी म्हणाली, आहे की भिंतीवर. पोरीसमोर त्यांच्या अंगाभोवती हात न्यायला ती लाजली, एवढंच. निळी फीत जुनी आहे हे तिला माहीत होतं. कापताना नजरेने वाढवू, असं तिने ठरवलं होतं. तिची नजर तशी पक्की, दारातून आत येणाऱ्या माणसाची कंबर ती बघूनच सांगे. मग टेबलावर कापड पसरलं, खडू घेतला, फीत लावली, आणि वाढवायला म्हणून त्यांचं शरीर डोळ्यांसमोर आणलं. जे आलं ते फितीबरोबर तंतोतंत जुळत होतं. वाढवायला काही नव्हतंच. दर रविवारी येऊन समोर बसणाऱ्या, चहा पिणाऱ्या, टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला तिने तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत टोचल्या. "चुकला," ती म्हणाली. "जुन्या फितीवर कापला गेला."

भावोजी तसेच, कच्चा कोट अंगात ठेवून, भिंतीपाशी गेले. त्यांना निळी फीत लगेच सापडली. त्यांनी ती पोटाभोवती धरून बघितली, आणि फितीचं टोक जिथे कंबरेच्या दोन खाचांना भेटायला हवं होतं तिथे नुसतं पोट होतं. ते हसले. मग फीत डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी खाचा बघितल्या.

"एवढा होतो मी?"

"एवढेच होतात."

"आणि आत्ताचा तुला दिसला नाही?"

यावर तिच्या तोंडून तोच प्रश्न निघाला जो तिने इतकी वर्षं कोणाला विचारला नव्हता. आपण तो विचारतो आहोत हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

"मामा आले होते त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं?"

"थोरली नाही, धाकटी. असं."

ते गोंधळले. उगाच गोंधळल्यासारखं दाखवत नव्हते, खरंच गोंधळले. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, त्यांनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि ते स्टुलावर बसले. बसताना पाठीचे दोन टाके उसवले. ते तिकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मग फीत बोटांभोवती गुंडाळत, अगदी हळू म्हणाले, "मी तिच्यासाठीच येत होतो. पहिल्यापासून."

"आणि बटणं?"

"कुठली बटणं?"

धाकटीने एप्रनची दुमड हातात धरली. आतली बटणं बोटांना लागली, शिंपल्याचं, लाकडी, कडेला टवका गेलेलं पितळी. नमुन्याचीच असणार. पेटीत मूठमूठ पडलेली असत. प्रत्येक दुकानातल्या पोरांना तो ती देत असेल. तिला पहिल्यांदा खूप लागलं. आत कुठेतरी, जिथे ती एवढी वर्षं वावरत होती, तिथला दिवाच कोणीतरी काढून नेला. मग तिला ताई आठवली, केस विंचरून घेणारी, डोळे मिटलेली, आणि ती जिला बिचारी म्हणत आली ती बाई बिचारी नव्हतीच. तिच्यावर जीव टाकलेला होता. ती फसलेली नव्हती, तिच्या वाट्याला उरलंसुरलं काही आलं नव्हतं. धाकटीला आनंद झाला, आणि तो आनंद इतका खरा होता की तो तिच्याच जिवावर उठला. मग मी कोण होते? त्या गोष्टीत मी नव्हतेच? रडावं की हसावं हे तिला ठरवता येईना. आज सगळे ज्याला दुसरी संधी म्हणत होते, ती दुसरी नव्हती, कारण पहिली अशी कधी आलीच नव्हती. आणि हा माणूस आज खोटं बोलू शकला असता. आजच्यासारखी सोय पुन्हा मिळाली नसती. हो, मला तूच हवी होतीस, एवढं म्हणाला असता तर ती वर जाऊन हो म्हणून मोकळी झाली असती. पण तसं म्हणायला त्याला ताईला खोटं पाडावं लागलं असतं, आणि ते त्याने केलं नाही. याचा तिला राग यायला हवा होता. तो शोधूनही सापडेना.

भावोजी बोलतच होते, आणि ते एवढं सलग बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "ती गेल्यावर मी रविवारी यायला लागलो ते तिच्यासाठीच. तुझ्यात ती दिसेल, असं वाटायचं. चेहरा तोच, अंग तेच. पण नाही दिसली. तुझा रागच यायचा मला. तू तिच्यासारखी हसत नाहीस. चहात साखर ओततेस. माझं बोलणं मधेच तोडतेस आणि वर मलाच म्हणतेस, पुढे बोला."

"मग यायचं नाही."

"थांबलो होतो की मध्ये दोन रविवार. करमेना. ती दिसत नाही हे पक्कं झालं होतं, तरी करमेना. तेव्हा कळलं मला."

"कळलं होतं तर पोरीला कशाला पुढे केलंत?"

"मला विचारता येत नाही."

"तेव्हा मामा, आता पोरगी."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. तेव्हासारखेच गुडघ्यांकडे बघत बसले. पण ते गुडघे आता जाड झाले होते, पँट तिथे घासून चकाकत होती, आणि उजवा गुडघा ते हाताने चोळत होते. तो दुखतो हे त्यांनी तिला बऱ्याचदा सांगितलं असावं. तिने ते आज बघितलं.

वरून काठीचे ठोके पडले. आई जमिनीवर काठी आपटून विचारत होती, झालं का? धाकटीने उत्तरादाखल टेबलावर कातर दोनदा आपटली, म्हणजे अजून नाही. मग तिने भावोजींच्या बोटांतली निळी फीत सोडवून घेतली, टाचण्यांच्या उशीची एका बाजूची शिवण कातरीच्या टोकाने उसवली आणि फीत आत कोंबायला लागली. ते बघत होते. या घरचे जावई होते, या उशीत काय भरतात ते त्यांना ठाऊक होतं.

"गेला तो?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. मला कळवलं नव्हतं कोणी."

शेवटचं टोक आत जायला तयार नव्हतं. तिने ते अंगठ्याने दाबलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कोणासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. फितीतल्या त्या पोरासाठी, एकोणीस वर्षांच्या त्या मुलीसाठी, की ताईसाठी. तिने एका कपड्यातून उरलेल्या पांढऱ्या कापडाची लांब पट्टी फाडली.

"वर त्या दोघी बसल्यात," ती म्हणाली. "त्यांना मी काही उत्तर देणार नाही. त्यांनी विचारलं म्हणून मी कोणाच्या घरी राहायला जाणार नाही. ताईची जागा रिकामी आहे म्हणून तर नाहीच नाही."

भावोजी उठले. उठताना गुडघा वाजला. त्यांचे कान लाल झाले होते. ते आरशाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले. मग तिला ऐकू गेलं नाही हे, किंवा आपण आरशाला विचारलं हे, त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते वळले.

"माझ्याशी लग्न करशील का?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. टक्कल, कानांवरचे पांढरे केस, नाकावर चष्म्याची खूण, उसवलेला कोट, आणि त्यातून बाहेर आलेलं पोट. यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं, आणि रविवारी हा माणूस आला नाही तर काय होईल, असा विचार मनात येताच तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ते एवढं कधीपासून, हे तिला सांगता आलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "का ते मला अजून नीट कळलेलं नाही."

मग तिने तो जुन्या मापाचा कोट त्यांच्या अंगातून उतरवला, पांढरी पट्टी दोन्ही हातांत धरली आणि त्यांच्याभोवती नेली. एप्रनमधली बटणं जराशी वाजली. त्यांनी श्वास रोखला.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली, "आणि पोट आत ओढू नका."

त्यांनी श्वास सोडला. पट्टी थोडी पुढे सरकली, आणि जिथे थांबली तिथे तिने दोन खाचा मारल्या.